विहिरीला लावलेला हात

आवळटेपच्या भातावर त्या भादव्यात तुडतुडा पडला आणि मुरबाडहून शेतकीच्या साहेबानं एक पितळी पंप पाठवला. पंप आला खरा, पण तो पाठीवर घेऊन गुडघाभर चिखलात फिरायचं कुणी? गावात बाप्ये काही कमी नव्हते. पण एकाची कंबर धरलेली, दुसऱ्याला औषधाच्या वासानं घेरी येणारी, तिसऱ्याला बायको सोडेना. शेवटी गावातलं जड, घाणेरडं आणि जिवावरचं काम नेहमी जिथं जातं तिथंच हेही गेलं. टेकाडावरच्या कातकरवाडीत, पोश्याकडे.

पोश्याला मात्र त्याचा मोठा मान वाटला, आणि का वाटू नये? दिवाळी सरली की वाडी ओस पडायची. कोंबड्या टोपलीत, पोरं खांद्यावर, आणि सगळे निघायचे कोळशाच्या भट्ट्यांवर. साहेब म्हणाला होता, "पंप नीट राखलास तर बारा महिने काम देईन. मुरबाड झालं की शहापूर." बारा महिने एकाच झोपडीत निजायचं, ही गोष्ट पोश्याच्या बापाला स्वप्नातसुद्धा सुचली नसती. पोश्या चिंच आणि राख लावून पंप असा घाशी की त्यात तोंड दिसावं. त्याची बायको हिरी म्हणे, "माज्याकडं एवढा कदी बगला नाय तू."

साहेब कामाचा माणूस होता. त्यानं शाळेच्या अंगणात सगळ्यांना बसवून शिकवलं होतं. औषध कालवायचं ते विहीर-ओढ्यापासून लांब. पंप धुतलेलं पाणी माळावर खड्डा खणून त्यात जिरवायचं. फवारल्यावर आठ दिवस खाचराचं तोंड बंद ठेवायचं, पाणी खाली सोडायचं नाही. गावानं ते सगळं पुराण ऐकावं तसं ऐकलं. माना डोलावल्या, आणि उठताना धोतराची धूळ झटकली तसं तेही झटकून टाकलं.

पहिलं शेत नथू पाटलाचं. नथू पन्नाशीचा, अंगानं काटक, मनानं वाईट नव्हे, पण उतावळा असा की भाकर तव्यावर असतानाच ताटावर बसायचा. साहेबानं दाखवलेल्या जागी त्यानं खड्डा खणला. घटकाभरात तो पावसानंच काठोकाठ भरला. माळ तर लांब. नथू वैतागला. "तितं पानी न्यायचं अन् तितून औषद आनायचं? माजे पाय काय फुकट आलेत?" आणि त्यानं औषधाचा डबा सरळ गावाच्या विहिरीच्या ओट्यावर मांडला. विहीर त्याच्या खाचराला लागूनच होती.

आता पोश्याला त्या ओट्यावर पाय ठेवायची मुभा नव्हती. कातकऱ्यानं विहिरीला हात लावला की विहीर बाटली, हे आवळटेपात पोरासोरांनाही पाठ होतं. शिवाशिव मानणं गुन्हा आहे असं शाळेच्या भिंतीवर कुणीतरी रंगवून गेलं होतं, पण त्या भिंतीवर शेवाळ चढून पाच-सहा वर्षं झाली होती. तेव्हा पोश्या खाली चरात उभा राही आणि वरून नथू पाणी काढी. बादलीभर पाणी काढायचं, त्यात टोपणभर औषध ओतायचं, काठीनं ढवळायचं आणि पोश्याच्या पाठीवरच्या टाकीत रिकामं करायचं. मग तीच बादली पुन्हा विहिरीत. भादव्यात विहीर तुडुंब असते, वाकून हातानं पाणी घ्यावं इतकी. बादली पाण्याला टेकली की तिच्याभोवती दुधासारखा पांढरा ढग उठे आणि बघता बघता विरून जाई. संध्याकाळी पंपही तिथंच धुवायचा. धुतलेलं पाणी चरात, आणि चर विहिरीच्या पोटाला चिकटलेला.

तीन दिवस हे चाललं. तो पांढरा ढग पोश्यानं वीस-पंचवीस वेळा डोळ्यांनी पाहिला, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

यात त्याला मूर्ख म्हणून मोकळं होता येत नाही. विष म्हणजे काय हे आवळटेपात कुणाला कळत असेल तर ते कातकरवाडीलाच. उन्हाळ्यात ओढ्याचा डोह दगड-मातीनं अडवायचा, कुंभ्याची साल ठेचून त्यात कालवायची, आणि थोड्या वेळानं मासे झिंगून वर येतात ते टोपल्यांत भरायचे. मासे भाजून खाल्ले तर माणसाला काही होत नाही. बांध फोडला की नवं पाणी येतं, उरलेले मासे शुद्धीवर येऊन पळतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच पाणी प्यायला मोकळं. आजाच्या आजापासून हे असंच होतं. पोश्यानं साहेबाच्या डब्याला तेच माप लावलं. पांढरं झालं, विरलं, संपलं. घात झाला तो तिथं.

चौथ्या दिवशी गावात गौरी यायच्या होत्या, म्हणून कामाला सुट्टी. सकाळी हिरी टोपली भरून मासे घेऊन आली. विहिरीखालचा चर ओढ्याला मिळतो त्या तोंडाशी वाडीतल्या चार-पाच बाया आनंदानं वेचत होत्या, असं ती सांगत होती. "कुनी साल घातली कोन जानं. पन गौराई पावली बग!"

पोश्यानं टोपलीत हात घातला. सालीचा मासा हातात मऊ लागतो, कल्ले उघडझाप करतो. हे मासे लाकडासारखे ताठ होते. त्यानं टोपली उपडी केली. तळाशी दोन चिंबोऱ्या निघाल्या, पाय आखडलेल्या, मेलेल्या. सालीनं चिंबोरी मरत नाही. सालीनं बेडूकही मरत नाही. "बेडकं मेली व्हती का गो तितं?" त्यानं विचारलं.

"पांढरी पोटं वर करून पडली हायत ढीगभर. त्याचं काय?"

पोश्या उठला तो थेट धावतच सुटला. चराच्या तोंडाशी बाया अजून वेचत होत्या. त्यानं एकेकीच्या हातातली टोपली हिसकून चिखलात पालथी केली. भागी त्याच्या चुलत भावाची बायको, तोंडाची तिखट. ती म्हणाली, "पंपवाला झाला म्हनून सायेब झाला का रं तू? सालीचे मासे आमी काय आजच खातोय?"

"ही साल नाय," पोश्या म्हणाला. "हे माज्या पंपातलं हाय."

 भागीनं हात साडीला पुसले, मग पुसलेली साडीही अंगापासून लांब धरली. कुणी एकीनंही अजून मासा तोंडात घातला नव्हता, एवढी एक गोष्ट बरी झाली.

पण पोश्याच्या जिवाला तिथून जी टोचणी लागली ती काही केल्या जाईना. चरातले मासे मेले, ठीक. मग वाडीच्या डवऱ्याचं काय? टेकाडाच्या पायाशी वाळूत उकरलेला तो वीतभर झरा, त्यावर सगळी वाडी पाणी पीत होती. वाडीतली पोरं, म्हातारी बुधी, त्याची स्वतःची बायको. तो झोपडीत बसला, उठला, पुन्हा बसला. शेवटी ओढ्याच्या वरच्या अंगाला गेला, दगडाखालून मूठभर झिंगे धरले आणि तीन मडकी घेऊन निघाला. झिंग्याइतका नाजूक जीव पाण्यात दुसरा नाही. पाण्यात खोट असली तर ती सगळ्यात आधी त्याला कळते. हे काही साहेबानं शिकवलेलं नव्हतं.

एका मडक्यात डवऱ्याचं पाणी भरलं, दुसऱ्यात ओढ्याच्या वरच्या अंगाचं. तिसरं घेऊन तो विहिरीच्या ओट्याखाली जाऊन उभा राहिला. नथूची सून गोदू पाणी भरत होती. लेकुरवाळी, गोरीपान, बोलायला गोड. उन्हाळ्यात डवरा आटला की वाडीतल्या बायांना पाणी वाढताना मडकं गळ्यापर्यंत भरेतो हात आखडता न घेणारी तीच एक.

"सणाला तुलापन बावीचं पानी लागतं काय रं पोश्या?" तिनं हसत विचारलं आणि वरून धार धरली.

"व्हय गोदूबाय," एवढंच तो बोलला. तिची कळशी भरलेली होती. ती डोक्यावर घेऊन ती गेली. तो पाहत राहिला, आणि हाक मारायला उघडलेलं तोंड त्यानं तसंच मिटलं. अजून काही कळलं नव्हतं ना.

प्रत्येक मडक्यात पाच-पाच झिंगे सोडून पोश्या महूच्या झाडाखाली बसला. बसला म्हणायचं एवढंच. दर घडीला उठून वाकून बघत होता. डवऱ्याच्या मडक्यात झिंगे मजेत पाय हलवत होते. ओढ्याच्या मडक्यातही. विहिरीच्या मडक्यातले मात्र आधी वेड्यासारखे उसळले, मडक्याच्या भिंतीवर आपटले, मग आडवे झाले. ऊन डोक्यावर यायच्या आत पाचही मेले होते. त्यानं पाणी फेकलं नाही, आणखी पाच झिंगे सोडले. ते त्याहून लवकर मेले.

हिरी मागं येऊन उभी होती. "आपला डवरा चांगला हाय ना?" तिनं विचारलं.

"चांगला हाय."

"मग झालं तर. जेव चल."

"गावाची बाव बाटली गो. आपल्या विटाळानं नाय, औषदानं."

हिरीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. ती घाबरली होती, आणि तिचं घाबरणं खरं होतं. कातकऱ्यानं जाऊन सांगायचं की तुमच्या विहिरीत विष आहे, आणि गावानं काय विचारायचं? तुला रे कसं कळलं? घातलं कुणी? पंप कोणाच्या पाठीवर होता? मागं शहापूरकडच्या एका गावात कुणाची गाय मेली म्हणून वाडी पेटवून दिल्याची गोष्ट दोघांनाही माहीत होती. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते याला.

तरी तो नथूकडे गेला. नथू ओसरीवर गौरीसाठी आणलेला तेरडा निवडत बसला होता. पोश्यानं अंगणातूनच सगळं सांगितलं, झिंग्यांसकट. नथू आधी हसला. "आरे, तीन दिस आमी पितोय ना तेच पानी? मेलो काय? तुजे झिंगे मेले असतील उन्हानं."

"पाटील, डवऱ्यातले जगले."

नथूचं हसू हळूहळू ओसरलं. बादली कुणाची होती, हात कुणाचा होता, हे त्याला आठवलं असणार. तो ओसरीवरून खाली उतरला आणि आवाज चोरून म्हणाला, "हे तू आनखी कुनाला बोललास?"

"गावात कुनाला नाय."

"मग बोलू नको. उद्या गौर जेवनार. घरोघरी पावने. बाव खराब हाय म्हनून बोंबललास तर गाव तुलाच धरंल, मी सोडवायला येनार नाय. अन् तुजा पंपपन जाईल. सायेब आला म्हंजे बगू."

"सायेब कवा येनार?"

"येल तवा येल!"

आता याला काय म्हणावं? स्वतःची सून, स्वतःची नातवंडं तेच पाणी पितात, आणि माणूस भितो कशाला, तर लोक काय म्हणतील याला. पण नथू एकटाच तसा होता असं म्हणण्यात अर्थ नाही.

पोश्या तसाच उपाशी धसईपर्यंत चालत गेला, मुरबाडची मोटार धरली, कचेरी गाठली. शिपाई दाराशी तंबाखू मळत होता. साहेब शहापूरच्या बाजूला गेले होते, आटगाव करून खर्डीला, तिकडेही तुडतुडा होता. परवा येतील, नाहीतर तेरवा.

"सायबांना सांगा, बावीत औषद गेलंय. आवळटेपच्या."

"अर्ज आनलास?"

"मना लिवता येत नाय."

"मग मी काय करू?" शिपाई म्हणाला आणि तंबाखू तोंडात टाकली. त्याचंही बरोबर होतं, त्याच्या नोकरीत अर्जाशिवाय काही घडत नसे.

परतीच्या मोटारीत पोश्याला बसवेना. जागा असून तो दांडी धरून उभा राहिला. दिवेलागणीला तो गावात शिरला तेव्हा नथूच्या घरासमोर माणसं लोटली होती. टाळ्या, गौरीची गाणी, कुंकवाचा सडा. तो कुडाच्या बाहेर उभा राहून टाचा उंचावून बघू लागला.

ओसरीवर मधोमध गोदू बसली होती. केस सुटलेले. हात-पाय आचके देत होते, मान एका अंगाला ओढली जात होती, दात एकमेकांवर वाजत होते. आणि तिच्यासमोर बाया पदर पसरून बसल्या होत्या. गोदूच्या अंगात गौर आली होती! म्हातारी कमळाबाई, गावातल्या बायांची पुढारीण, मोठ्यानं विचारत होती, "बोल गो माये, काय पायजे तुला?" गोदूच्या तोंडाला फेस आला. कुणीतरी म्हणालं, माउलीला तहान लागली. कमळाबाईनं तांब्या तिच्या ओठांना लावला. विहिरीचं ताजं पाणी, वर हळदकुंकू वाहिलेलं.

पोश्यानं कूड दोन्ही हातांनी धरला. मडक्याच्या भिंतीवर आपटणारे झिंगे त्यानं सकाळीच पाहिले होते, आणि हे वेगळं नव्हतं. "पानी देऊ नका!" तो ओरडला. "बावीचं पानी देऊ नका तिला! त्यात औषद हाय!"

टाळ्यांत त्याचा आवाज कुणाला ऐकू गेला, कुणाला नाही. ज्यांना गेला त्यातला एकजण म्हणाला, "कातोड्याला गौरीच्या वक्तालाच चढली." दोघांनी त्याला मानगुटीला धरून वाटेवर नेऊन सोडलं. जाताना त्यानं ओसरीवर नथूकडे पाहिलं. नथू खांबाला टेकून उभा होता, पाया न पडता, टाळी न वाजवता. तो खाली बघत होता.

त्या रात्री पोश्याला झोप नव्हती हे सांगायला नकोच. उद्या गौर जेवणार. पहाटेपासून गावातली प्रत्येक बाई विहिरीवर येणार, घरोघरी पातेली चढणार, पाहुण्यारावळ्यांसकट पंगती उठणार. तो सांगत होता ते कुणी ऐकत नव्हतं. विषावर त्यांचा विश्वास नव्हता. मग त्यांचा विश्वास कशावर होता? हे मनात आलं तसा तो उठूनच बसला. आणि एकदा मनात आलेलं ते त्यानं पुन्हा तपासून पाहिलं नाही. तपासलं असतं तर पाय उचलला नसता.

उजाडताना बाया विहिरीवर आल्या तेव्हा पोश्या ओट्याजवळ उभा होता. पहिलीनं बादली उचलली. पोश्यानं एक पाय ओट्यावर ठेवला, मग दुसरा. बाई बघतच राहिली. तो विहिरीच्या काठावर गेला, राहाटाचा दोर दोन्ही हातांनी धरला, आणि काठावर बसून दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात सोडले.

एक किंकाळी उठली. "कातोडी बावीत शिरला! बाव बाटली! बाव बाटली!" भरलेल्या कळशा जिथल्या तिथं उपड्या झाल्या. बायका घराकडे पळत सुटल्या आणि रात्री भरून ठेवलेले हंडे, घागरी, रांजण दारादारांतून ओतले जाऊ लागले. पाणी उंबऱ्यावरून अंगणात, अंगणातून गल्लीत. शिजायला ठेवलेला भात पातेल्यासकट उकिरड्यावर गेला. कालपासून पोश्या घसा फोडून जे मागत होता, ते दोन पाय पाण्यात बुडवल्याबरोबर गावानं घटकाभरात केलं.

मग काठ्या आल्या. पहिली काठी नथूची होती. तीच त्याच्या पाठीत बसली. ती कशी बसली हे पोश्यालाच माहीत. जोर होता, पण दुसऱ्यांदा ती उठली नाही. मागून आलेल्यांच्या काठ्या मात्र थांबल्या नाहीत. त्यांनी त्याला ओट्यावरून खाली ओढलं आणि तो हलायचा थांबेपर्यंत धोपटलं. पंप कुणीतरी वाडीतून ओढून आणून दगडानं चेचला, पितळी टाकीला भोक पडलं. मग हिरी आणि भागी येऊन त्याला ओढत महूच्या झाडाखाली घेऊन गेल्या.

गावात देवजी हा सगळ्यात जाणता. अशा बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. तो म्हणाला, "बाव उपसायची. गाळ दिसंपर्यंत. मग पुन्यांदा भरू द्यायची, पुन्यांदा उपसायची, असं तीनदा. मग गोमूत्र, मग पूजा. तवर प्यायला डोंगरातल्या झऱ्याचं पानी आना. वाहत्या पान्याला विटाळ नाय." गौरीच्या दिवशी सगळे बाप्ये धोतरं खोचून कामाला लागले. राकेलच्या डब्यांना दोर बांधले गेले. विहीर दोनच पुरुष खोल, पण भादव्यातली. डब्यामागून डबा वर येत होता आणि चरात रिकामा होत होता. शिवी देत, घाम पुसत, कातोड्याचं नाव काढत गाव आपली विहीर धूत होतं.

पोश्या झाडाखाली पालथा पडला होता. एक डोळा सुजून मिटला होता. हिरी पाठीवर पाला चेचून लावत होती. तिनं सांगितलं की पहाटेपासून गोदूला पाणी पाजलेलं नाही, झटके थांबलेत, झोप लागलीय. नथूचा पोरगा तिला मुरबाडच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपतोय. पोश्यानं डोळा मिटला. त्याला वाटलं आता झोपावं, दोन दिवस झोपावं.

पण कानांवर पाण्याचा आवाज येत होता. चरातून धो धो पाणी पडण्याचा. तो ऐकत राहिला, आणि एकदम कोपरावर उठला. "उपसलेलं पानी कुटं सोडतायत गो?"

"कुटं म्हंजे? चरातून वहाळात."

वहाळ म्हणजे तोच ओढा. तो खाली अर्ध्या कोसावर गुणाच्या वाडीला वळसा घालतो. तिथं डवरा नाही. तिथं माणसं ओढ्यालाच तोंड लावतात.

"नको रं जाऊ," हिरी म्हणाली. "आता गेलास तर जित्ता येनार नाय." तिनं त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवला, आणि वाकलेल्या पाठीनं, झाडांना धरत धरत, टेकाड उतरला.

तो विहिरीपासून वीस-पंचवीस पावलांवर, नथूच्या बांधावर येऊन थांबला. तिथून पुढे यायची ताकदही नव्हती. "पाटील!" त्यानं हाक मारली. "पानी वहाळात सोडू नका. खाली गुनाची वाडी पिते."

डबे थांबले. सगळ्यांनी वळून पाहिलं. देवजीनं दात-ओठ खाल्ले. एकानं वाकून धोंडा उचलला, तो पोश्याच्या मांडीला लागला. दुसरा कानाजवळून गेला. पोश्या हलला नाही. "पाटील," तो पुन्हा म्हणाला, "तुमाला ठावं हाय."

नथू ओट्यावर भरला डबा धरून उभा होता. त्यानं डबा खाली ठेवला. वस्तीकडे नजर टाकली, तिथं गाडीत गोदूला घोंगडीवर निजवत होते. मग त्यानं भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं आणि तो आपल्या बांधाकडे निघाला. धोंडा उचललेला माणूस वाट सोडून बाजूला झाला, त्याला वाटलं पाटील आता कातोड्याचा निकाल लावणार.

नथू पोश्याच्या पुढ्यात येऊन थांबला, पण त्यानं फावडं घातलं ते बांधाला. दोन-चार घावांत बांध फुटला. चराचं तोंड त्यानं चिखलानं बुजवलं आणि विहिरीचं सगळं पाणी आपल्या खाचरात वळवलं. गुडघाभर वाढलेल्या, लोंबी धरू लागलेल्या भातात ते शिरलं. पाणी चढू लागलं.

"आरं नथू, काय करतंस!" देवजी ओट्यावरून ओरडला. "भात बुडंल! कुजंल सगळा!"

"कुजू द्या," नथू म्हणाला. तो खाचराच्या, ओढ्याकडे उघडणाऱ्या, खालच्या तोंडावर गेला आणि फावड्यानं चिखल ओढून तेही बंद करू लागला. चिखल ओला होता, राहत नव्हता, पुन्हा पुन्हा वाहून जात होता. पोश्या हळूहळू बांधावरून सरकत तिकडे गेला, त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसला, आणि दोघंही हातांनी चिखल दाबत राहिले.